लंडनच्या ऐतिहासिक हॉटेलात नाताळचे जेवण घ्यायचे असेल तर

१८८९ साली सुरू झालेले सॅव्हॉय किंवा १९०६ सालचे रिट्झ अशा एखाद्या हॉटेलात २५ डिसेंबरला दुपारी जेवायचे असेल, तर काही महिने आधीच आरक्षण करावे. त्या दिवशी नेहमीचे मेनूकार्ड बाजूला ठेवून ठरावीक दराचे, ठरावीक पदार्थांचे जेवण वाढतात आणि त्याचे पैसे बहुधा आगाऊ घेतात. म्हणून आरक्षण रद्द करण्याच्या अटी आधी वाचून घ्याव्यात. नाताळच्या दिवशी लंडनमध्ये भुयारी रेल्वे आणि शहर बससेवा दोन्ही बंद असतात. तेव्हा मुक्काम पायी जाता येईल इतक्या अंतरावर असलेला बरा.

पोशाखाचे नियम हॉटेलागणिक बदलतात. रिट्झच्या भोजनगृहात पुरुषांना कोट आणि टाय लागतो, जीन्स चालत नाही.

शाकाहारी पाहुण्यांनी मात्र ‘मांस नको’ एवढे सांगून थांबू नये. टर्कीची थाळी टाळली तरी भाजलेले बटाटे पुष्कळदा हंसाच्या चरबीत परतलेले असतात, ग्रेव्हीत मांसाचा रस असतो, सारणात सॉसेजचे मांस असू शकते आणि नाताळच्या पारंपरिक पुडिंगमध्ये गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी घालतात. सुका मेवा आणि मसाले भरलेल्या, दिसायला निरुपद्रवी अशा मिन्स पायमध्येही ती असू शकते. वनस्पती चरबीचे पुडिंग मिळते. पण ते आरक्षण करतानाच लेखी मागून ठेवावे, कारण पुडिंग कित्येक आठवडे आधी शिजवून मुरवण्याची रीत आहे आणि ऐनवेळी स्वयंपाकघराच्या हाती काही उरत नाही. मद्य वर्ज्य असेल तर तेही तेव्हाच सांगावे.

ताटाशेजारी रंगीत कागदात गुंडाळलेली नळी दिसेल, तिला क्रॅकर म्हणतात. तिचे एक टोक आपण धरायचे, दुसरे शेजाऱ्याला द्यायचे आणि दोघांनी ओढायचे. फट् असा आवाज होऊन आतून कागदी मुकुट, एखादी चिमुकली वस्तू आणि बहुधा रटाळच असा एक विनोद बाहेर पडतो. मुकुट डोक्यावर चढवायला संकोचू नये, कारण कडक इस्त्रीच्या कोटातले आजोबाही तो घालूनच जेवत असतात.

काटे-चमच्यांचे फार दडपण नको. बाहेरच्या बाजूने आत येत जावे आणि खाणे संपले की सुरी-काटा ताटात एकत्र ठेवावा.

पुढच्या पदार्थांचा अंदाज घेऊनच सुरुवातीचा पाव खावा, कारण पुडिंग जड असते. त्यावर कोमट ब्रँडी ओतून ती पेटवतात; निळी ज्योत काही क्षणांतच विझते, म्हणून छायाचित्र हवे असेल तर फोन आधीच हाताशी असावा. दुपारी तीन वाजता राजाचे नाताळचे भाषण प्रसारित होते. ते ऐकायचे असल्यास आधीची वेळ निवडावी.

बिल आल्यावर त्यात सेवा शुल्क धरले आहे का ते पाहावे. लंडनमध्ये ते बहुधा १२.५ टक्के किंवा त्याहून थोडे अधिक असते आणि ते धरलेले असेल, तर वेगळी टिप देण्याची गरज नसते.