कोलेस्टेरॉलसाठी इसबगोल, लसूण, जवस: नीट कसं घ्यायचं

आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगर उकळून प्या, ब्लॉकेज विरघळतं, हे आधी डोक्यातून काढून टाका. धमनीतला थर नळीतल्या गाळासारखा वर बसलेला नसतो, तो भिंतीच्या आत तयार होतो, कुठलाही काढा तो धुवून काढत नाही. आजार सुरुवातीचा असेल तर वनस्पतींनी एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) आणि बीपी थोडं खाली येतं, बास, पण तेवढंही कामाचं आहे. रिपोर्ट काढलेत, डॉक्टरांशी बोलणं झालंय, सिगारेट बंद आहे असं धरून पुढे लिहितेय.

माझ्या मते सगळ्यात भरवशाचं म्हणजे इसबगोलाची भुशी, आणि लोक नेमकी तीच चुकीची घेतात. दिवसाला साधारण 10 ग्रॅम, रोज घेतली तर एलडीएल 5 ते 10 टक्के उतरू शकतं. आतड्यात तिची जेली होते, त्यात पित्ताम्ल अडकून बाहेर पडतं, मग नवीन पित्त बनवायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल खेचून घेतं. पण पहिल्याच दिवशी 10 ग्रॅम घेतलीत तर पोट फुगून दगड होईल आणि चौथ्या दिवशी डबा कपाटात जाईल! एका छोट्या चमच्याने सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा, आणि दोन-तीन वेळात विभागून घ्या.

पाण्यात कंजूषी अजिबात नको. मोठा ग्लासभर पाणी, भुशी वरून भुरभुरवत चमचा फिरवत राहायचं, नाहीतर मधे कोरड्या गुठळ्या राहतात, आणि लगेच प्यायचं, कारण दोन-तीन मिनिटांत चमचा जड फिरायला लागतो आणि मग तो लगदा घशाखाली उतरत नाही. वरून आणखी पाणी प्या. कोरडी भुशी तोंडात टाकून वर घोटभर पाणी, असं कधीच करू नका, घशात फुगून अडकते. गिळायला त्रास असेल किंवा आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर इसबगोल तुमच्यासाठी नाही. बाकीच्या गोळ्या आणि भुशी यात दोन तासांचं अंतर ठेवा.

जवस दळूनच खा, अख्खं तसंच बाहेर पडतं. लसूण ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग वापरा, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. बीपीसाठी चहा करायचा तर लाल अंबाडीच्या बोंडांचा.

गुग्गुळ मी कुणाला सुचवत नाही, 2003 च्या अमेरिकेतल्या चाचणीत त्याने एलडीएल उलट थोडं वाढलं होतं. रेड यीस्ट राइसमध्ये (लाल बुरशीने आंबवलेला तांदूळ) तर स्टॅटिनच, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायचं औषधच असतं, त्यामुळे स्टॅटिनची गोळी चालू असताना ते घेणं म्हणजे डबल डोस.

आणि स्टॅटिन स्वतःच्या मनाने बंद करू नका, प्लीज. चालताना छाती भरून येत असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा, बसल्या जागी दुखत असेल तर थेट इमर्जन्सीत.

दोन-तीन महिने रोज घेऊन झालं की लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) परत करा, आकडा हलला नसेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा, भुशीचे चमचे वाढवत बसू नका.