टॉय हॉलर कसा निवडावा: आधी वजन बघा, मग ओटा

अमेरिकेत लाँग वीकेंडला युटातल्या मोॲबकडे किंवा कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांकडे निघालं, की मागे मोठं दार असलेले ट्रेलर दिसतात. ते टॉय हॉलर. पुढच्या भागात ओटा, बिछाने, बाथरूम, तर मागे गॅरेज. मागचं दार खाली पाडलं की त्याचाच रॅम्प होतो आणि डर्ट बाईक, एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालणारी चारचाकी), कयाक, सायकली आत चढवता येतात. मुक्कामाला सामान बाहेर काढलं की त्याच जागेत मुलं झोपतात.

पाहायला गेल्यावर नजर आधी ओट्यावर आणि सोफ्यावर जाते. म्हणून घरूनच सामानाची यादी करून न्या.

१. सामान मोजा. डर्ट बाईक अडीचशे पौंडांच्या आसपास भरते. चार जणांची साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी सीट असलेली ऑफ-रोड गाडी मात्र १,५०० ते २,००० पौंडांची आणि बहुधा १२ फुटांपेक्षा लांब असते. जाहिरातीतल्या गॅरेजच्या लांबीवर विसंबू नका. आतली कपाटं जागा खातात, त्यामुळे स्वतः टेप लावा. दाराची रुंदी, बेड वर उचलल्यावर खाली उरणारी उंची आणि रॅम्प किती वजन पेलतो, हेही बघा. फक्त सायकली आणि कयाक असतील तर लहान गॅरेज पुरतं. उगाच मोठं ओझं ओढू नका.

२. आपला पिकअप तपासा. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. ‘११,००० पौंड ओढतो’ हा आकडा सगळे लक्षात ठेवतात, पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पेलोडचा, म्हणजे माणसं आणि सामान धरून पिकअप स्वतःवर किती वजन पेलतो त्याचा स्टिकर कोणी वाचत नाही. समजा, त्यावर १,६०० पौंड लिहिलंय आणि भरलेला ट्रेलर ९,००० पौंडांचा आहे. मागे जोडायच्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या सांध्यावर येतो. १३ टक्के धरले तरी १,१७० पौंड झाले. उरले ४३०. त्यात आई-बाबा, दोन मुलं, कूलर आणि खुद्द हिचचं वजन बसवायचंय. बसत नाही! पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा फिफ्थ व्हील प्रकार रस्त्यावर जास्त स्थिर चालतो, पण त्याचा भार २० टक्क्यांच्या पुढेही जातो. त्याला दणकट ट्रकच हवा.

३. ट्रेलरची स्वतःची क्षमता वाचा. त्याच्या दाराजवळ मालाच्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते. पाणीही त्यातच मोजायचं. १०० गॅलनची टाकी भरली की ८३० पौंडांहून जास्त वजन वाढतं. जनरेटरचं पेट्रोल, भांडी, अंथरुणं वेगळीच.

४. भरून आणि रिकामा, दोन्ही वेळा वजन करा. गॅरेज चाकांच्या मागे असतं. तिथे जड गाडी चढवली की हिचवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर हायवेवर शेपटी हलवल्यासारखा डोलू लागतो. रिकामा असताना उलट तोच भार वाढतो. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर थोडक्या पैशांत दोन्ही वजनं कळतात. तो खर्च वाचवू नका.

५. मुलं कुठे झोपणार? मधे पक्की भिंत आणि दार असलेलाच घ्या, असं माझं ठाम मत आहे. उघड्या रचनेत जागा मोकळी वाटते, पण पेट्रोलचा वास थेट बिछान्यापर्यंत येतो. गॅरेजमध्ये झोपायचं असेल तर इंजिन आणि इंधनाचे कॅन बाहेर ठेवा, खिडक्या उघडा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दाबून तपासा. जनरेटर चालू ठेवून झोपू नका. आणि ट्रेलर चालता असताना मुलांना त्यात बसवू नका.

जायच्या जागांचे नियमही आधी बघा. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या उंच भागात ट्रेलर धरून २१ फुटांपेक्षा लांब वाहन नेता येत नाही, म्हणजे ट्रेलर मुक्कामीच ठेवावा लागतो. बहुतेक नॅशनल पार्कमध्ये एटीव्ही चालत नाहीत. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांवरच्या ट्रेलरला साधं लायसन्स पुरत नाही.

सही करण्याआधी शक्य असेल तर तशाच मापाचा ट्रेलर एका वीकेंडसाठी भाड्याने घ्या. नाहीतर निदान आपली बाईक किंवा एटीव्ही डीलरकडे घेऊन जा, रॅम्पवरून आत चढवा, तळाच्या कड्यांना पट्ट्यांनी बांधा आणि बाजूने माणूस जाऊ शकतो का ते पाहा.