लहान उपनदीचा विसर्ग आणि पाण्याची गुणवत्ता कशी मोजावी

पाण्याचे नमुने तपासायचे आणि विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) मात्र मोजायचा नाही, अशी नोंद अर्धवट राहते. कारण पुरात एखादा घटक दर लिटरमागे कमी भरला, तरी दिवसभरात वाहून जाणारे त्याचे एकूण प्रमाण उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते. म्हणून दोन्ही मोजमापे एकाच जागी, एकाच वेळी घ्यावीत.

जागा सरळ पात्राची आणि संथ पण न तुंबलेल्या प्रवाहाची निवडावी. वरच्या अंगाला नाला मिळत असल्यास त्याचे पाणी पूर्ण मिसळल्यानंतरचे ठिकाण घ्यावे. काठाजवळ पक्की मोजपट्टी रोवून प्रत्येक भेटीत पाण्याची पातळी टिपावी.

विसर्गासाठी पात्रावर आडवी दोरी ताणून समान अंतरांवर खोली मोजावी. समजा, रुंदी ३ मीटर आणि सरासरी खोली ०.३ मीटर आहे. म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ ०.९ चौरस मीटर झाले. अर्धी भरलेली बाटली १० मीटर अंतर २० सेकंदांत वाहत गेली, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.५ मीटर. तळाशी घर्षणामुळे पाणी हळू वाहते, म्हणून या वेगाला साधारण ०.८५ ने गुणावे. विसर्ग सेकंदाला सुमारे ३८० लिटर येतो. बाटली अनेकदा सोडून सरासरी काढावी, आणि पाणी गुडघ्याच्या वर किंवा वेगवान असेल तर आत उतरूच नये.

तापमान, सामू (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते दाखवणारा आकडा), विद्युतवाहकता आणि विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजावेत. बाटलीत भरून नेलेल्या पाण्यात हे आकडे बदलतात. सामूमापक त्याच दिवशी प्रमाणित द्रावणांत तपासून घ्यावा. प्राणवायूच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे: शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री वापरते, त्यामुळे पहाटेचा आकडा सर्वांत कमी असतो. दुपारीच जाणाऱ्याला नदी नेहमी निरोगी दिसेल! नमुना घेताना प्रवाहाकडे तोंड करून, तळ न ढवळता बाटली भरावी. जिवाणूंच्या चाचणीसाठी निर्जंतुक बाटली वापरून ती बर्फात ठेवावी आणि काही तासांतच प्रयोगशाळेत पोहोचवावी.

वर काढलेल्या विसर्गाच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ५ मिलिग्रॅम असेल, तर दिवसाला सुमारे १६५ किलो नायट्रेट वाहून जाते. वेगवेगळ्या पातळ्यांचे विसर्ग जमले की पातळी आणि विसर्ग यांचा आलेख काढावा. पुढे केवळ मोजपट्टी वाचून विसर्गाचा अंदाज येतो. मात्र मोठ्या पुरानंतर तळ खरवडला गेला किंवा गाळाने भरला, तर आलेख नव्याने तयार करावा लागतो.