‘जरा नजर टाका’ म्हणू नका: तज्ज्ञांकडून मजकूर तपासून घेताना या चुका टाळा

लहान व्यावसायिकांसाठी माहितीची वेबसाइट चालवणाऱ्यांचं एक ठरलेलं गाऱ्हाणं असतं: “तज्ज्ञ आधी हो म्हणतात आणि मग गायब होतात.” मी त्यांना तज्ज्ञाला पाठवलेला मेल दाखवायला सांगते. तो वाचला की बहुतेक वेळा वाटतं, त्याच्या जागी मीही गायब झाले असते.

‘जरा नजर टाका’

हा पराक्रम मी स्वतः केलाय, म्हणून सविस्तर सांगते. कर्ज आणि हिशेब या विषयावरची नऊ पानं मी एका अनुभवी अकाउंटंटना एकाच फाइलमध्ये पाठवली. वर एक ओळ: ‘सवडीने जरा नजर टाकाल का?’ सवड मिळायला पाच आठवडे लागले. फाइल परत आली ती लालेलाल, आणि मी खूश. सव्वीस दुरुस्त्या होत्या. त्यातल्या चोवीस ऱ्हस्व-दीर्घाच्या, तर दोन ठिकाणी ‘फायदा’ खोडून ‘नफा’ केलेलं. मी त्या निमूट उतरवल्या आणि पानांवर ‘तज्ज्ञांनी तपासलेलं’ अशी पट्टी लावून मोकळी झाले.

दोन महिन्यांनी एका वाचकाचा मेल आला. आमचं पान समोर ठेवून त्याने वर्षाचा हिशेब मांडला होता आणि नफ्याचा आकडा काही केल्या जुळत नव्हता. चौथ्या पानावर आम्ही लिहिलं होतं: ‘कर्जाचा मासिक हप्ता खर्चात धरा.’ साफ चूक! हप्त्यातलं व्याज हा खर्च असतो. मुद्दलाची परतफेड हा खर्च नव्हे, तिने फक्त डोक्यावरचं देणं कमी होतं. हप्ता १०,००० चा आणि त्यात व्याज ३,००० असेल, तर खर्चात ३,००० च जायला हवेत. अख्खा हप्ता धरला की त्या महिन्याचा नफा ७,००० ने कमी दिसतो. कुठल्याही अकाउंटंटला झोपेतून उठवून विचारा, तो हेच सांगेल.

आमच्या तज्ज्ञांनी ते वाक्य वाचलंच नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. जुनी फाइल उघडून बघितली. त्याच वाक्यातल्या ‘मासीक’ची वेलांटी त्यांनी पहिली करून दिली होती.

फोन केला तर म्हणाले, “अहो, नजर टाका म्हणालात, टाकली. बरोबर आहे का, असं कुठे विचारलंत?”

राग आला, पण बोलणं खरं होतं. कोणत्या चुका शोधायच्या ते सांगितलं नाही की माणसाला आधी शुद्धलेखनाच्याच दिसतात.

तेव्हापासून मी एका वेळी एकच पान पाठवते आणि सोबत तीन प्रश्न. यातलं कोणतं वाक्य जसंच्या तसं पाळलं तर तुमचा अशील अडचणीत येईल? कोणता अपवाद आम्ही गाळलाय? आणि यातलं काय लवकर शिळं होईल? खाली एक ओळ हमखास: ‘शुद्धलेखन आम्ही बघतो, तुम्ही हात लावू नका.’ तज्ज्ञाची परीक्षा घ्यायला काही जण मजकुरात मुद्दाम चूक पेरतात. मला ते पटत नाही. फुकट काम करणाऱ्याला सापळा लावायचा नसतो.

समित्या आणि टप्पे

एकदा पोळलेली माणसं मग दुसरं टोक गाठतात. आधी फॉर्म, मग प्राथमिक परीक्षण, मग दुसरा तज्ज्ञ, मग समिती. अशांना मी न्यूपीडियाची आठवण करून देते. मार्च २००० मध्ये सुरू झालेला हा ऑनलाइन विश्वकोश तज्ज्ञ स्वयंसेवकांवर चालायचा आणि लेख मंजूर व्हायला सात टप्पे पार करावे लागायचे. २००३ मध्ये तो बंद पडला, तेव्हा पूर्ण झालेले लेख पंचवीसच्या आसपास होते. त्याला पूरक म्हणून जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेला विकिपीडिया कुठे पोचला ते सांगायला नको. यावरून ‘तज्ज्ञ नकोतच’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. माझ्या मते अडचण तज्ज्ञांची नव्हती, टप्प्यांची होती. माझ्याकडे टप्पे दोनच: तज्ज्ञ आणि मी.

आणि दोघांत शेवटचा शब्द माझा. हे पहिल्याच मेलमध्ये सांगावं, नाहीतर वकील ‘मुदत संपायच्या आत कळवा’चं साडेतीन ओळींचं कलम करून देतात आणि ते बदललं की रुसतात. अर्थ त्यांचा, वाक्य माझं. बदललेलं वाक्य प्रसिद्ध होण्याआधी त्यांना पुन्हा दाखवते, एवढं पथ्य मात्र पाळायचंच.

पट्टीची घाई

गुगलने डिसेंबर २०२२ मध्ये, शोधात येणाऱ्या पानांचा दर्जा तपासणाऱ्या परीक्षकांसाठीच्या आपल्या मार्गदर्शिकेत ‘अनुभव’ हा निकष जोडला आणि जो तो तज्ज्ञाचा फोटो शोधू लागला. त्या परीक्षकांच्या गुणांनी एखाद्या पानाचा क्रम थेट वरखाली होत नाही, हे गुगलनेच सांगितलंय. पण वाचतो कोण? नवशिक्यांना तपासणी नको असते, पट्टी हवी असते. न विचारता कुणाचं नाव छापलंत, तर तो तज्ज्ञ गेलाच म्हणून समजा.

चाळीस जणांना एकच मेल ढकलू नका. कुणाचंच उत्तर येत नाही, आणि आलं तर ज्याला काही विकायचंय त्याचंच येतं. अशाच एका तज्ज्ञाने परिच्छेदाच्या पोटात स्वतःच्या फर्मची लिंक घालून पाठवली होती.

करवाल्याकडून कामगार कायदा तपासून घेऊ नका.

चॅटबॉटला विचारून ‘तज्ज्ञांनी तपासलं’ लिहू नका. हे सांगावं लागतंय, यातच सगळं आलं.

तपासणीची तारीख फक्त तपासल्यावरच बदला.

ते अकाउंटंट अजून आमच्यासाठी पानं तपासतात. परवा एक पान परत आलं. तिन्ही प्रश्नांची मुद्देसूद उत्तरं होती आणि खाली टीप: ‘सूचनेप्रमाणे शुद्धलेखन पाहिलेले नाही. तरी तिसऱ्या ओळीतली वेलांटी एकदा बघा.’