घरून नोकरी करताना तोंडी परवानगीवर विसंबू नका

लातूर, नांदेड किंवा परभणीत राहून पुण्या-बंगळुरूच्या कंपनीत नोकरी करता येते, हे २०२०च्या टाळेबंदीनंतर कुणाला पटवून द्यावे लागत नाही. लॅपटॉप कोणता घ्यावा, कोर्स कोणता करावा, याची माहिती नव्याने रुजू होणाऱ्यांकडे माझ्यापेक्षा जास्त असते, म्हणून त्यात मी शिरत नाही. मला लिहायचे आहे ते नियुक्तिपत्रातील एका ओळीबद्दल. पगाराचा आकडा पाहण्याच्या घाईत बहुतेक जण ती ओलांडून जातात, आणि तिच्यामुळेच मला लातूरमधले बसलेले बस्तान गुंडाळून पुण्यात कॉट बेसिसवर जागा शोधत फिरावे लागले होते.

ती ओळ म्हणजे कामाचे ठिकाण. नियुक्तिपत्रात ‘पुणे’ असे लिहिलेले असते आणि खाली कुठेतरी, गरजेनुसार कर्मचाऱ्याला कोणत्याही कार्यालयात हजर राहण्यास सांगता येईल, असे कलम असते. मुलाखतीत मात्र व्यवस्थापक मोकळेपणाने सांगतात की गावाकडून काम केले तरी आमची हरकत नाही, काम झाल्याशी मतलब. ते खोटे बोलत नसतात. पण ती परवानगी त्या माणसाची असते, कंपनीची नसते. माझे साहेब दुसरीकडे गेले, त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी एचआरकडून माझी नोंद मागवली, नोंदीत पुणे होते, आणि लवकरच आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात यावे असा मेल आला. आधीच्या साहेबांशी काय ठरले होते ते मी सविस्तर सांगितले, त्यावर ‘लेखी काही आहे का’ एवढाच प्रश्न आला. मॅडमचा राग आला, तरी त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच विचारले असते.

म्हणून रुजू होण्याआधीच स्पष्ट विचारून घ्यावे की घरून काम कायमचे आहे, काही दिवस घरून व काही दिवस कार्यालयात असे आहे, की ‘पुढील सूचनेपर्यंत’ आहे. या तिसऱ्या प्रकारावर विसंबून गावाकडे घर भाड्याने घेऊ नये, मुलांचे शाळाप्रवेश तर मुळीच करू नयेत. परवानगीच्या पत्रात गावाचे नाव, मुदत, परत बोलवायचे झाल्यास किती दिवस आधी कळवणार आणि त्या प्रवासाचा खर्च कोणाकडे, या गोष्टी असाव्यात, आणि ते पत्र एचआरकडून आलेले असावे. आणखी एक बाब कोणी सांगत नाही. कंपनी तयार असली तरी तिच्या ग्राहकाबरोबरच्या करारात माहिती कोठून उघडता येईल यावर बंधन असू शकते, त्यामुळे प्रकल्प बदलला की परवानगी टिकते का, हे प्रत्येक वेळी नव्याने विचारावे.

पत्र मिळायला वेळ लागत असेल तर ज्या दिवशी बोलणे झाले त्याच दिवशी व्यवस्थापकांना मेल लिहावा आणि एचआरला प्रत पाठवावी. मजकूर साधा असतो : ‘आज दुपारी फोनवर झालेल्या बोलण्यानुसार मी १ जूनपासून लातूर येथील घरून काम करणार आहे. कार्यालयात बोलवायचे झाल्यास किमान पंधरा दिवस आधी कळवले जाईल, असे मी समजते. यात काही चुकत असल्यास कृपया कळवावे.’ उत्तर आले नाही म्हणजे होकार मिळाला, असे समजू नये; पुन्हा विचारावे. हा मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवून ठेवण्याचा मोह होतो, पण अनेक कंपन्यांत तोही नियमभंग ठरतो. म्हणून नियुक्तिपत्राला जोडलेले पत्रच मागावे, ते आपल्याजवळ ठेवता येते. एवढी चौकशी केली तर नोकरी हातची जाईल, ही भीती मलाही होती. ती निराधार आहे, कारण एचआरला असे प्रश्न नेहमीचेच असतात.

पत्त्यावरून आठवले म्हणून सांगते. राहायचे लातूरला आणि घरभाडे भत्त्यावरील करसवलतीसाठी पावत्या पुण्याच्या जोडायच्या, हा सल्ला देणारे मित्र भेटतील. जिथे राहत नाही तिथले भाडे दाखवणे हा खोटा दावा आहे, आणि कंपनीच्याच नोंदीत तुमचा पत्ता लातूरचा असतो.

रोजच्या कामात दिवसभर ऑनलाइन दिसण्यापेक्षा आपले काम कुठवर आले हे न विचारता कळवणे महत्त्वाचे असते. आपण हजर आहोत असे भासवण्यासाठी माउस हलता ठेवणारी यंत्रे मिळतात. ती वापरणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही. घरून काम करणाऱ्यांवरचा विश्वास त्यांच्यामुळे उडतो आणि भोगावे आपल्याला लागते. तसेच ‘घरबसल्या करिअर’ शिकवणाऱ्या, शुल्क घेणाऱ्या मार्गदर्शकांपेक्षा आपल्याच टीममधला दोन वर्षे जुना सहकारी शंभर पटींनी उपयोगी पडतो.

वीज गेली ही सबब एकदा चालते. राउटर बहुधा बारा व्होल्टवर चालतो आणि त्याच्यासाठी वेगळा छोटा यूपीएस मिळतो. घराला इन्व्हर्टर नसला तरी तेवढ्यावर सुरू असलेली मीटिंग पूर्ण होते. वीज बराच वेळ गेली की मोबाइल टॉवरची बॅटरीही उतरते, म्हणून दुसरे सिम वेगळ्या कंपनीचे असावे. महावितरणने दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवण्याची पूर्वसूचना दिली असेल तर ती सकाळीच टीमला कळवावी. मे-जूनमध्ये विजा कडाडू लागल्या की मात्र चार्जर आणि राउटरच्या पिना काढून टाकाव्यात, मग मीटिंग कोणाचीही असो.

घरच्यांना समजावणे यापेक्षा अवघड जाते. ‘घरीच तर आहेस’ म्हणून अण्णा सोयाबीन आडतीवर न्यायला गाडी काढायला सांगतात, आणि पुतण्याला सीईटीचा अर्ज भरायला नेमका आपलाच लॅपटॉप हवा असतो. अण्णांना कामाची वेळ सांगून ठेवली की ते समजून घेतात. पुतण्याला मात्र नाहीच म्हणावे, कारण कंपनीच्या यंत्रावर दुसऱ्याने काहीही उघडणे हा माहिती-सुरक्षेच्या नियमाचा भंग असतो आणि जबाबदारी आपल्यावर येते.

ग्राहक अमेरिकेतील असेल तर तिकडील घड्याळ लक्षात ठेवावे : न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरात त्यांनी घड्याळ मागे घेतले की साडेसात. मीटिंग कोणत्या घड्याळाने ठरली आहे, हे तेव्हाच विचारून घ्यावे.

सुट्ट्यांची यादीही रुजू होतानाच मागून घ्यावी. तिच्यात पोळा नसतो, महालक्ष्म्यांचे जेवण नसते, आणि येळवस (वेळ अमावास्या, आमच्याकडचा शेतात जाऊन साजरा करायचा सण) म्हणजे काय हे पुण्याच्या कार्यालयात कुणाला ठाऊक नसते. जिल्हाधिकाऱ्यांनी लातुरात त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर केली तरी ती आपल्याला लागू होईलच असे नाही. तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर पाहून रजेचा अर्ज टाकावा. भज्जी आणि आंबिलीच्या पंगतीतून मोबाइलवर मीटिंग उरकू, असा बेत करू नये, कारण त्या दिवशी सगळे गाव शेतात असते आणि नेटवर्कचा भरवसा नसतो.