रोलअप बांधणार असाल तर सुरुवात बाहेर पडायच्या दारापासून करा

गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. कोथरूडच्या खोलीत आमच्या मशीनवर सिक्वेन्सर चालू होता. आम्ही तिघांनी नोकरी सांभाळून एक छोटा झिरो-नॉलेज रोलअप (ब्लॉकचेनचं काम तिच्याबाहेर उरकणारी व्यवस्था) उभा केला होता. त्यातले व्यवहार गोळा करून त्यांचा क्रम लावणारा हा प्रोग्रॅम. यूपीएस संपला आणि सगळं थांबलं. वीज परत आली तेव्हा डिस्क गेलेली होती. खराडीतल्या मित्राने त्यात ठेवलेली टोकन्स काढायला घेतली, तर निघेनात. टेस्टनेटची, म्हणजे सरावाच्या नेटवर्कवरची टोकन्स, पैशात किंमत शून्य. तरी त्या रात्री झोप लागली नाही, कारण आमचं गणित पूर्ण बरोबर होतं आणि तरीही माणूस अडकला होता.

नवीन येणाऱ्यांनी आधी एवढं समजून घ्यावं. इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून सांभाळलेल्या वहीवर, दर 12 सेकंदांच्या खेपेला व्यवहारांचा एक ब्लॉक येतो आणि त्यातला प्रत्येक व्यवहार प्रत्येक नोड (ती वही सांभाळणारं मशीन) स्वतः पुन्हा करून पाहतो. म्हणून तिथली जागा महाग. रोलअप हजारो व्यवहार बाहेर उरकतो. आमचा तेव्हा आत दोनच गोष्टी पाठवायचा: खात्यांची नवी अवस्था दाखवणारा एक हॅश (माहितीचा छोटा ठसा), आणि ती नियमानेच आली याचा छोटा पुरावा. नावात 'झिरो-नॉलेज' असलं तरी बहुतेक रोलअप काहीच लपवत नाहीत. पुरावा लहान आहे आणि पटकन तपासता येतो, एवढाच त्यांना उपयोग. आमचंही तसंच होतं.

मग चुकलं कुठे? भिशीची वही डोळ्यांसमोर आणा. बेरीज बरोबर आहे असं कुणी शंभर टक्के सिद्ध केलं, पण वही त्याच्याच कपाटात राहिली आणि किल्ली हरवली. तुमच्या नावावर किती, हे आता तुम्ही कशावरून दाखवणार? पैसे काढायला मर्कल झाडातली (सगळ्या खात्यांचे हॅश जोडत एका हॅशपर्यंत नेणाऱ्या रचनेतली) आपली फांदी दाखवावी लागते, आणि आमचं अख्खं झाड त्या एका डिस्कवर होतं. पुरावा चोरी थांबवतो. अडवणूक थांबवायला माहिती सगळ्यांसमोर असावी लागते. 13 मार्च 2024 च्या डेन्कुन अपग्रेडपासून इथेरियमने त्यासाठी ब्लॉब, म्हणजे माहितीचे तात्पुरते गठ्ठे दिले, प्रत्येकी 128 केबीचे. स्वस्त आहेत, पण साधारण 18 दिवसांनी नोड ते टाकून देतात, म्हणून जुनी माहिती जपणारे एकापेक्षा जास्त लोक हवेत. आमचे व्यवहार मोजकेच, म्हणून आम्ही थोडा जास्त खर्च सोसून सगळं कॉलडेटात, म्हणजे व्यवहारासोबतच जाणाऱ्या माहितीत टाकायचं ठरवलं. ते इतिहासात राहतं.

दुसरा प्रश्न क्रमाचा. सिक्वेन्सर एकाचाच असेल तर तो एखाद्याचा व्यवहार नुसता बाजूला ठेवू शकतो. अनामत घेऊन पाळीपाळीने सिक्वेन्सर बदलणं हा पुढचा टप्पा. त्याआधी, माझ्या मते पहिल्याच आठवड्यात, सक्तीची रांग लिहा: कुणीही थेट इथेरियमवरच्या कॉन्ट्रॅक्टला (तिथे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला) विनंती द्यावी, आणि ठरल्या मुदतीत ती घेतली गेली नाही तर रोलअप गोठावा व प्रत्येकाला शेवटच्या सिद्ध अवस्थेवरून आपापले पैसे काढता यावेत. कॉन्ट्रॅक्ट बदलायची किल्ली कुणाकडे आहे तेही बघा. बदल लागू व्हायचा वेळ बाहेर पडायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी असेल, तर हे दार भिंतीवर रंगवलेलंच समजा.

पुरावे बनवणारे प्रूव्हर वाटणं त्या मानाने सोपं. चुकीचा पुरावा कॉन्ट्रॅक्ट घेतच नाही.

सर्किट, म्हणजे पुराव्याने पाळायच्या अटींची मांडणी, लिहिताना मात्र हात आखडता ठेवा. आमचं झाड 20 पातळ्यांचं, म्हणजे दहा लाखांवर खाती. एका हस्तांतरात झाडाची दोन पानं, म्हणजे दोन खाती, बदलतात, प्रत्येकाची जुनी आणि नवी वाट तपासायची, म्हणजे 80 हॅश. शा-256 हा नेहमीचा हॅश वापरला तर 20 लाखांवर अटी होतात. अशा सर्किटसाठीच बनवलेल्या पोसायडनला एका हॅशला काही शेच लागतात. पण अटी कमी करण्याच्या नादात एखादी राहून गेली तर सर्किट खोट्यालाही खरं म्हणतं. 2019 मध्ये टोर्नेडो कॅशने (इथेरियमवरचे व्यवहार कुणाचे ते लपवणाऱ्या सेवेने) वापरलेल्या हॅश सर्किटमध्ये हेच झालं: चलाला किंमत दिली गेली, पण ती बरोबर असायची अट घातलीच गेली नाही. त्यांच्याच टीमने आधी पैसे बाहेर काढले म्हणून ते वाचले. त्यामुळे बरोबर इनपुट चालतं का याच्या एका चाचणीमागे, चुकीचं नाकारलं जातं का याच्या दहा चाचण्या लिहा.

अभ्यासाचं म्हणाल तर सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत, एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांच्या रांगेत बसून मी दोन महिने फक्त मॉड्युलर अंकगणित आणि बहुपदी केल्या. d घाताच्या दोन वेगळ्या बहुपदी जास्तीत जास्त d ठिकाणीच जुळतात, हे वहीवर स्वतः सिद्ध केलं त्या दिवशी प्लॉन्कची (असे पुरावे बनवायच्या एका पद्धतीची) भीती गेली. आधी लायब्ररी उघडली असती तर वर्षभर दुसऱ्याचा कोड चिकटवत बसलो असतो.

चार महिन्यांनी पुन्हा एका गुरुवारी, वीज असतानाच, आम्ही मशीनची वायर काढली. मित्राला काही सांगितलं नव्हतं, फक्त कॉन्ट्रॅक्टचा पत्ता दिला होता. त्याने विनंती टाकली, दोन दिवसांची मुदत सरू दिली, कॉलडेटातून झाड स्वतः उभं केलं. शनिवारी दुपारी त्याचा फोन आला: "निघाली रे सगळी."