नायट्रॉक्ससाठी सामान घेण्याआधी : सांगलीकडच्या नव्या डायव्हरांसाठी

ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, कार्ड हातात पडलं की सांगली-मिरजेकडची पोरं पुढचा प्रश्न ठरलेला विचारतात : दादा, नायट्रॉक्स करायचंय, सामान कुठलं घेऊ? नायट्रॉक्स म्हणजे सिलिंडरमध्ये साध्या हवेऐवजी जास्त ऑक्सिजनचं मिश्रण. मी उलट विचारतो, आत्ता काय काय आहे? मास्क, फिन, रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारा), कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली-वेळ मोजणारा)? मग झालं की. चाळीस टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन असलेल्या नायट्रॉक्ससाठी तुमचं जॅकेट, होज, रेग्युलेटर यांतलं सहसा काहीच बदलावं लागत नाही. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं, ते पान तेवढं वाचा. ‘नायट्रॉक्स’ असा हिरवा शिक्का मारलेली तीच वस्तू जास्त भावानं विकणारे भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे जा.

त्याच्याही आधी, आपल्याला हे लागतं का ते बघा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. नायट्रॉक्समध्ये बहुतेक ठिकाणी ३२ किंवा ३६ टक्के मिळतो. तेवढा नायट्रोजन कमी, म्हणून अंगात मुरतोही कमी (जास्त मुरला की वर येताना बुडबुडे होऊन बाधतो) आणि खाली जास्त वेळ थांबता येतं. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात खाली थांबायची हद्द ३० मीटरवर हवेसाठी २० मिनिटं आहेत, ३२ टक्क्यांसाठी ३०. खोल डाइव्हला दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली. पण आपण सगळे पहिल्यांदा जातो ते मालवण-तारकर्लीला. तिथं दहा मीटरच्या आसपास असाल, तर हवेच्या तक्त्यात २१९ मिनिटं आहेत. तेवढ्या वेळात सिलिंडर कधीच संपलेला असेल. तिथं जादा पैसे मोजून काही पदरात पडत नाही. अंदमानात स्वराज द्वीपाला आठवडाभर राहून रोज दोन-तीन डाइव्ह, त्याही अठरा-तीस मीटरच्या, असा बेत असेल तर मात्र हा कोर्स करूनच जा.

नायट्रॉक्स घेतलं की जास्त खोल जाता येतं, ही समजूत अजून ऐकू येते. आहे ते नेमकं उलट. खोलीबरोबर ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, वाढतो आणि तो १.४ बारच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. ३२ टक्क्यांना ही हद्द ३३ मीटरवर येते, ३६ टक्क्यांना २८ मीटरवर. पलीकडे गेलं तर आधी काही जाणवेलच असं नाही. सरळ झटका येऊ शकतो, तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. कृष्णेत पोहून तयार झालेल्यांचा पाण्यातला आत्मविश्वास दांडगा असतो, पण तो इथं उपयोगाचा नाही. जास्तीच्या ऑक्सिजनला ना वास, ना चव.

आता सामानाची खरी गोष्ट. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत ज्यानं गॅस कटिंग केलंय, त्याला ती अर्धी आधीच माहीत असते : ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलाचा हात लावायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की आग लागायला ठिणगीसुद्धा लागत नाही. व्हॉल्व्ह झटकन उघडला तर गॅस एकदम दाबला जाऊन जी उष्णता तयार होते, तेवढी पुरते. म्हणून चाळीस टक्क्यांच्या वरचा गॅस ज्या ज्या भागाला लागणार, तो ‘ऑक्सिजन क्लीन’ केलेला हवा : तेल-मळ काढलेला, ओ-रिंग व्हायटॉनसारख्या साहित्याच्या, आणि वंगण नेहमीचं सिलिकॉन ग्रीस नव्हे तर ऑक्सिजनसाठीचं वेगळं. टायटॅनियमचे रेग्युलेटर या कामाला नकोतच.

इथं एक मेख आहे. नवे लोक म्हणतात, मी तर ३२ टक्केच घेणार, मला हे कशाला? तुमच्या रेग्युलेटरला नाही लागत. सिलिंडरला मात्र लागू शकतं. मिश्रण बनवायची एक जुनी पद्धत अशी की रिकाम्या सिलिंडरमध्ये आधी शुद्ध ऑक्सिजन सोडायचा आणि वरून हवा भरायची. शेवटी मिश्रण ३२ टक्क्यांचं झालं, तरी सुरुवातीला त्या सिलिंडरनं आणि व्हॉल्व्हनं शंभर टक्के पाहिलेला असतो. त्यामुळे असा सिलिंडर ऑक्सिजन क्लीन लागतो, आणि वरून भरायची हवाही नेहमीपेक्षा जास्त गाळलेली, जवळजवळ तेलविरहित लागते. त्यात एकदा कुणी साध्या कॉम्प्रेसरची हवा भरली की तो सिलिंडर पुन्हा साफ करेपर्यंत ‘क्लीन’ धरायचा नाही. जिथं ऑक्सिजन आणि हवा कॉम्प्रेसरच्या आधीच मिसळून घेतात किंवा मेम्ब्रेन लावून हवेतला नायट्रोजन कमी करतात, तिथं सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन जात नाही. मी नव्या सेंटरवर गेलो की आधी विचारतो, तुम्ही भरता कसं? जो माणूस नीट उत्तर देतो, त्याच्याकडे बाकीचंही बहुधा ठीक असतं.

आमच्याकडे एक प्रेमळ सूचना नेहमी येते : अरे, आपल्या वर्कशॉपला कॉम्प्रेसर आहे की, काका भरून देतील. काकांचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा, डाइव्हचा सिलिंडर दोनशे बारचा. दाबाचं सोडा, ती हवा स्प्रे पेंटिंगला चालेल, फुप्फुसाला नाही. तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड खोलवर गेल्यावर जास्तच बाधतात. स्वतःचा सिलिंडर घ्यायच्या भानगडीतही सुरुवातीला पडू नका. दाबाचे सिलिंडर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात, नागपूरचं पेसो हे सरकारी खातं ते बघतं, ठरावीक मुदतीत चाचण्या लागतात. सिलिंडर भाड्यानंच बरा. घेताना त्यावर हिरवा-पिवळा पट्टा, तपासणीचा स्टिकर आणि कोरी चिकटपट्टी आहे ना, ते बघा. ती चिकटपट्टी तुमच्यासाठी आहे.

तिच्यावर तुम्ही लिहायचं : ऑक्सिजन किती टक्के, खोलीची हद्द किती मीटर, दाब किती, तारीख, नाव. आणि तेही स्वतः अॅनालायझर (ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावून. इन्स्ट्रक्टर कितीही मोठा, कितीही ओळखीचा असला तरी त्यानं सांगितलेला आकडा लिहायचा नाही. अॅनालायझरमध्ये छोटा सेन्सर असतो, तो ऑक्सिजनच्या प्रमाणात बारीकसा विद्युतदाब देतो. आधी मोकळ्या हवेत २०.९ वर जुळवायचा. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून हळू प्रवाह द्यायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. जोरात सोडलं की आकडा चुकतो.

हा सेन्सर टक्के मोजत नाही, तो ऑक्सिजनचा आंशिक दाब मोजतो. सांगली साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथं हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी. घरी हौसेनं जुळवलेला अॅनालायझर तसाच मालवणला नेऊन लावला, तर तो ३२ चा गॅस ३४ च्या वर दाखवेल. खोलीची हद्द त्यामुळे उथळ निघेल, ते बरंच म्हणा. पण तोच आकडा कॉम्प्युटरमध्ये टाकला, तर तो नायट्रोजन खऱ्यापेक्षा कमी धरेल आणि खाली थांबायला जास्त वेळ देईल. म्हणून जिथं मोजायचं तिथंच जुळवायचं. अॅनालायझर विकत घेऊ नका असंही माझं मत आहे. सेन्सर कपाटात पडूनसुद्धा म्हातारा होतो.

पैसे घालायचेच असतील तर कॉम्प्युटरवर घाला. ज्यात ऑक्सिजनचे टक्के आणि आंशिक दाबाची हद्द बदलता येते असा घ्या; आता स्वस्तातल्यांतही ते असतं. काही मॉडेल डाइव्हनंतर किंवा दिवस बदलल्यावर आपोआप पुन्हा हवेच्या सेटिंगवर येतात, तेव्हा प्रत्येक वेळी उतरण्याआधी बघायचं. परदेशात, विशेषतः युरोपात जाणार असाल तर काही ठिकाणी नायट्रॉक्सच्या सिलिंडरला एम २६ नावाचा वेगळा आटा असतो. निघायच्या आधी सेंटरला विचारून ठेवा.

पाडीच्या कोर्समध्ये आता पाण्यातली डाइव्ह सक्तीची नाही, पुस्तक आणि अॅनालायझरचा सराव एवढ्यावर कार्ड मिळतं. जमल्यास डाइव्हसकट करा. आणि आयटीआयचे फिटर, मशिनिस्ट असाल तर एक गोष्ट मनात ठेवा : डाइव्ह सेंटरला इन्स्ट्रक्टर मिळतात, पण रेग्युलेटर उघडून नीट बसवणारा आणि गॅस भरायला विश्वासानं बसवता येईल असा माणूस सहजी मिळत नाही. गॅस ब्लेंडरचा कोर्स वेगळा असतो, रेग्युलेटर दुरुस्तीचा कंपन्या स्वतः शिकवतात. आट्याला आटा बसवताना हात कुठं थांबवायचा हे ज्याला आधीच कळतं, त्याला बाकीचं लवकर येतं.

परतीचं मात्र सगळे विसरतात. मालवणहून सांगलीला यायचं म्हणजे फोंडा नाहीतर गगनबावडा घाट, आणि घाटमाथा सहाशे मीटरच्या आसपास. वर हवेचा दाब कमी, म्हणून अंगात उरलेला नायट्रोजन तिथंही बाधू शकतो. डाइव्हनंतर विमानात बसण्यासाठी डॅन या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचा सल्ला आहे : एका डाइव्हनंतर किमान बारा तास, अनेक डाइव्हनंतर किमान अठरा. तो सल्ला विमानातल्या ज्या दाबासाठी आहे, त्याची सुरुवात साधारण याच उंचीपासून होते. नायट्रॉक्सवर होतो म्हणून ही वाट बघणं चुकत नाही. शनिवारी दुपारी शेवटची डाइव्ह, रात्री मालवणातच मुक्काम, आणि रविवारी सकाळी निवांत न्याहारी, दुपारचं मासे-जेवण आटपून मग गाडी घाटाला लावायची.